कझाकस्तानचा दिमाश, चीनचा रंगमंच आणि आमच्या घरातला फुटलेला कंठ

ओंकारेश्वर_घाट

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकाच माणसाचा आवाज चालू आहे. सकाळी चहाच्या वेळी, रात्री जेवणं उरकल्यावर, आणि सिंहगड रोडच्या कोंडीत अडकलो की गाडीतसुद्धा. दिमाश कुदायबर्गेन. त्याच्यावर इथे कोणी काही लिहिलंय का म्हणून शोधलं, एक ओळही सापडली नाही. म्हणून हा धागा.

आधी ओळख करून देतो. दिमाश कझाकस्तानचा. जन्म २४ मे १९९४, गाव अक्तोबे, देशाच्या पश्चिम भागात. आई-वडील दोघंही गाणारे. अस्तानाला कलाविद्यापीठात त्याने पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाचं रीतसर शिक्षण घेतलं. २०१५ साली बेलारूसमधल्या वितेब्स्कच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. त्या भागात नाव झालं, पण बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता.

मग आला जानेवारी २०१७. चीनच्या हुनान टीव्हीवर 'सिंगर' नावाची स्पर्धा असते. मुळात हा कोरियन कार्यक्रम. चीनने तो २०१३ पासून आपल्याकडे सुरू केला. आपल्याकडच्या स्पर्धांत शिकाऊ मुलं येतात, इथे मात्र नाव कमावलेले व्यावसायिक गायक एकमेकांसमोर उभे राहतात. तेव्हा सभागृहात ५०० श्रोते बसायचे आणि मतं त्यांची. अशा ठिकाणी बावीस वर्षांचा हा पोरगा उभा राहिला. प्रेक्षकांना जवळजवळ अनोळखी, त्यांची भाषा न येणारा. त्याने निवडलं काय, तर फ्रेंच गाणं! 'स्टारमानिया' या १९७८ सालच्या रॉक ऑपेरातलं. म्हणजे गाणारा कझाक, ऐकणारे चिनी, शब्द फ्रेंच.

ते गाणं मी आता शंभरदा तरी ऐकलं असेल. सुरुवात अगदी खाली, बोलल्यासारखी. स्वर दाखवायची घाई नाही. श्वास ऐकू येतो. मग हळूहळू वर चढत जातो आणि जिथे वाटतं की आता याचा आवाज संपला, तिथून तो आणखी वर निघतो. शेवटी शब्द गळून पडतात, नुसता आकार राहतो. पहिल्यांदा ऐकताना माझ्या हातातला चहा तसाच राहिला होता. बायकोने कप काढून घेतला तेव्हा कळलं.

त्या पहिल्याच फेरीत तो पहिला आला. एप्रिलमधल्या अंतिम फेरीपर्यंत टिकला आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पहिल्या आल्या हाँगकाँगच्या सँडी लॅम, ऐंशीच्या दशकापासून गाणाऱ्या बाई. कझाकस्तानची तेव्हाची लोकसंख्या साधारण १ कोटी ८० लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम दुप्पट, आणि देश पसरलेला २७ लाख चौरस किलोमीटरवर. तिथल्या एका पोराने चार महिन्यांत चीनसारखा देश आपलासा केला.

आता हे सगळं मी का लिहितोय. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. सातव्या वर्षापासून गाणं शिकतोय, गाण्याची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाली, गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात गायचा तेव्हा आमच्या गल्लीतल्या आज्या पुढे येऊन बसायच्या. दोन वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या स्पर्धेच्या निवड चाचणीला नेलं होतं. पहाटे पाचला रांगेत उभे राहिलो, दुपारी अडीचला नंबर लागला. त्याने नाट्यपद धरलं. दुसऱ्या ओळीला थांबवलं आणि विचारलं, "सध्याचं काही येतं का? लोकांना माहीत असलेलं?" त्याला येत नव्हतं. परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. पुढे सहा महिन्यांत कंठ फुटला आणि मग गाणंच बंद. तानपुऱ्यावर गवसणी चढली ती चढलीच.

त्याला मी दिमाश मुद्दाम ऐकवला नाही. मी ऐकत होतो, तो आतल्या खोलीतून बाहेर आला, दारात उभा राहिला आणि पूर्ण होईपर्यंत हलला नाही. एवढंच झालंय. पण दोन वर्षांत एवढंही झालं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी याला ऐकलंय का? काय वाटलं?

---

नळस्टॉप

आत्ताच ऐकलं. लिंक शोधायला दोन मिनिटं लागली, ऐकायला पाच, आणि त्यानंतर दहा मिनिटं नुसती बसून आहे. धन्यवाद, दादा. मुलासाठी मनापासून शुभेच्छा.

---

चाकणवाला

काका, तुमचा धागा वाचून एकदम २०१७ साल आठवलं. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी आठ महिने शांघायजवळ होतो. शनिवारी रात्री हा कार्यक्रम लागायचा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या लाईनवरची मुलं त्याच्याबद्दलच बोलत असायची. दिमाशला तिथे लाडाने एक नाव पडलं होतं, त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मला फार आवडलं: 'आयात केलेला दादा'. आमचे सुटे भाग आयात व्हायचे ना, त्यामुळे गोदामातली पोरं खोके उघडताना ते नाव घेऊन हसायची.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. आमच्या शिफ्टचे सुपरवायझर पन्नाशीचे, अतिशय कडक. त्यांनी मला मोबाईलवर त्याचं चिनी गाणं ऐकवलं. हो, त्या स्पर्धेत तो एक गाणं चिनी भाषेतही गायला. मला म्हणाले (मध्ये भाषांतर करणारी मुलगी होती), "याचे उच्चार चुकतात, पण चुकतात तिथेही हा पळत नाही." हे वाक्य मी विसरलेलो नाही. आपल्या भाषेत परका माणूस जीव ओतून गातोय याचं कौतुक त्या लोकांना फार होतं.

आणि पुढच्याच वर्षी, २०१८ ला, त्याच स्पर्धेत इंग्लंडची जेसी जे उतरली आणि जिंकली. परक्या गायकाला वाट दिमाशने करून दिली, असं तिथले माझे सहकारी आजही म्हणतात.

---

खरजाची_तार

मी गेली अठ्ठावीस वर्षं गाणं शिकवते, त्यामुळे थोडं वेगळं लिहिते, राग मानू नये.

वरच्या स्वराला टाळी मिळते हे मला नवीन नाही. तार षड्जावर कोणी चार सेकंद उभा राहिला की सभागृह डोक्यावर घेतात. त्यामुळे पहिल्यांदा पाच मिनिटं ऐकलं तेव्हा माझ्या मनात आलं, की हे आवाजाचे खेळ आहेत. नेटवर तर याचा आवाज किती सप्तकांत फिरतो याचे आकडेच आकडे. आपली साधी पेटी साडेतीन सप्तकांची असते, आणि आपले थोर गवई त्यातल्या अडीच-पावणेतीन सप्तकांत आयुष्यभराचं गाणं गाऊन गेले. सप्तकं मोजून गाणं मोजता येत नाही.

पण शिक्षिकेची सवय, म्हणून डोळे मिटून परत ऐकलं. आणि मला एक जागा सापडली. खालचा भरीव आवाज आणि वरचा बारीक आवाज यांच्यामध्ये प्रत्येकाच्या गळ्यात एक सांधा असतो. शिकणाऱ्याचा तिथे खडा लागतो. आवाज तुटतो, पातळ होतो किंवा ओरडल्यासारखा होतो. या मुलाचा सांधा मला ऐकूच आला नाही. तीनदा मागे नेऊन ऐकलं. हे देणगीने येत नाही. यामागे रोजचे तास आहेत, कोणीतरी समोर बसून करून घेतलेले. तेव्हा लोक याला 'अचानक यश' म्हणतात, ते मला पटत नाही. चीनला ते अचानक दिसलं असेल. त्याच्या गुरूंना नसेल दिसलं.

---

ओंकारेश्वर_घाट

ताई, राग कसला, याचसाठी तर धागा काढला. सांध्याबद्दल वाचून मीही परत ऐकलं. मला गाण्यातलं कळत नाही, पण आता कळलं की मी नेमका कुठे थक्क होत होतो.

मला सांगायची होती ती दुसरीच गोष्ट आहे. त्या स्पर्धेत एवढ्या वर पोचल्यावर तो एका फेरीत आपल्या मातीतलं कझाक लोकगीत घेऊन उभा राहिला. विचार करा. मतं घसरली तर घरी. फ्रेंच, इंग्रजी, चिनी गाणी चालली होती, टाळ्या मिळत होत्या. तिथे या मुलाने असं गाणं धरलं, जे त्या ५०० जणांपैकी क्वचितच कोणी आयुष्यात ऐकलं असेल. आणि लोकांनी ऐकलं.

माझ्या मुलाला विचारलं गेलं होतं, "लोकांना माहीत असलेलं काही येतं का?" मला दोन वर्षं वाटत होतं, की आपणच चुकलो, त्याला दोन चालू गाणी शिकवून न्यायला हवी होती. आता तसं वाटत नाही.

---

पर्वती_पायथा

वय ७४. लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

शब्द न कळता गाणं आवडणं पुण्याला नवीन नाही. भीमसेनजी मूळचे गदगकडचे, मातृभाषा कानडी. त्यांचे गुरू सवाई गंधर्व कुंदगोळचे. सवाई गंधर्व महोत्सवात आम्ही रमणबागेत भारतीय बैठकीवर शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसायचो. भीमसेनजींची दासवाणी (कानडी संतांची पदं) ऐकताना मला एक अक्षर कळत नसे. शेजारी बसलेल्या एका धारवाडच्या गृहस्थांना मी एकदा अर्थ विचारला होता. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि समोर बघायला सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अर्थ मी नंतरही कधी विचारला नाही.

तुमच्या मुलाला (माझ्या दृष्टीने नातूच) आशीर्वाद सांगा.

---

डब्यातली_पोळी

माझी भाची अल्माटीला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडची बरीच मुलं आहेत तिकडे. तिला काल रात्री फोनवर विचारलं, दिमाश माहीत आहे का. ती म्हणाली, "मावशी, इथे हा प्रश्न विचारायचा नसतो!" तिच्या घरमालकीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोंबरा टांगलेला आहे. दोनच तारांचं, लांब मानेचं वाद्य. बाई दर शनिवारी तो उतरवून फडक्याने पुसतात आणि परत टांगतात. वाजवता कोणालाच येत नाही. वाजवायचे ते त्यांचे सासरे, ते गेले. दिमाशने चीनमध्ये गाजवलं त्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलाने स्वतःहून दोंबऱ्याचा क्लास लावला, असं बाईंनी तिला सांगितलं.

भाचीने एक बातमीही दिली: जून २०१९ ला अस्तानाच्या ३० हजार आसनांच्या स्टेडियममध्ये त्याचा कार्यक्रम झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कला.

---

पेटीवाला_शनिवारपेठ

कोणी लिडियनचा उल्लेख केला नाही म्हणून करतो. २०१९ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'द वर्ल्ड्स बेस्ट' नावाची स्पर्धा झाली. त्यात दिमाश होता आणि आपला चेन्नईचा लिडियन नादस्वरम, तेव्हा तेरा वर्षांचा, पियानो वाजवणारा. दिमाशने पुढे स्वतःहून माघार घेतली. लिडियन जिंकला, दहा लाख डॉलरचं बक्षीस. एकच तुकडा आधी एका लयीत आणि मग जवळजवळ दीडपट लयीत वाजवलेला आहे, जरूर पाहा. बोटं दिसत नाहीत, पण एकही स्वर गिळलेला नाही.

---

मुळशीची_सर

मी थोडी भीती बोलून दाखवते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, गाते. २००८-०९ चं लिटल चॅम्प्सचं पर्व आमच्या अख्ख्या वाड्याने एकत्र बसून पाहिलं होतं. आळंदीची कार्तिकी जिंकली त्या रात्री फटाके वाजले होते, पुण्याची आर्या अंतिम पाचात होती. ती पाचही मुलं पुढे गाण्यात टिकली याचा आनंद आहेच. पण त्यानंतर प्रत्येक घराला वाटायला लागलं, की आपलंही मूल तिथे दिसलं पाहिजे. माझ्या मुलीच्या क्लासमध्ये पालक आता राग कोणता चाललाय ते विचारत नाहीत. "स्पर्धेचं गाणं कधी बसवणार?" हे विचारतात. मीही विचारलं आहे, मागच्याच महिन्यात. हा धागा वाचून झोप लागली नाही. उद्या बाईंना जाऊन सांगणार आहे, की तुमच्या क्रमाने चालू द्या.

---

खरजाची_तार

मुळशीची_सर, नक्की सांगा. आम्हा शिकवणाऱ्यांना ते ऐकायला मिळतच नाही.

आता ओंकारेश्वर_घाट यांच्यासाठी, कारण माझं मन त्या मुलापाशी अडकलं आहे. कंठ फुटतो म्हणजे काय होतं, ते मुलांना कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे किती गळे गाणं सोडतात! मुलग्यांचा स्वरयंत्राचा भाग या वयात झपाट्याने वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो. मेंदूला जुन्या गळ्याची सवय असते. तो जुन्या जागी स्वर शोधतो, गळा मात्र बदललेला असतो. म्हणून फाटतो. मुलाला वाटतं, माझं गाणं गेलं. गाणं गेलेलं नसतं, घर बदललेलं असतं.

काय करायचं ते सांगते. जुनी पट्टी पूर्ण विसरायची. तो आधी काळी चार-पाचला (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून मोजतात ती उंच पट्टी) गात असणार. आता त्या पट्टीत एक ओळही गायची नाही, कोणी आग्रह केला तरी नाही, गणपतीतल्या आज्यांनी केला तरी नाही. सकाळी पंधरा मिनिटं, जास्त नाही, जिथे आवाज सहज बसतो तिथे नुसता सा. मग खाली उतरायचं, एकेक स्वर, मंद्रात जमेल तितकं. वर पंचमाच्या पुढे जायचं नाही. फाटला तर थांबायचं, पाणी प्यायचं, हसायचं नाही आणि घरातल्या कोणी दुसऱ्या खोलीतून "काय झालं रे?" असं विचारायचं नाही. हे शेवटचं सर्वात महत्त्वाचं आहे. माझ्याकडचा एक मुलगा केवळ यामुळे गच्चीवर जाऊन रियाज करायचा.

चौदा महिने लागले होते त्याला. आज तो काळी एकला गातो.

तुमच्याकडचा तानपुरा कोणाचा आहे?

---

ओंकारेश्वर_घाट

ताई, तुमचा प्रतिसाद कागदावर उतरवून फ्रिजवर लावला आहे. "काय झालं रे?" हा प्रश्न विचारणारा मीच होतो. दर वेळी.

तानपुरा माझ्या आईचा आहे. मिरजेचा, १९७१ साली घेतलेला, काळी चारला लावलेला. पंचमाची तार दोन वर्षांपूर्वी तुटली ती तशीच आहे. जवारीही (तारांना झंकार देणारी घोडीवरची घडण) बसली असेल. हा काळी एकपर्यंत उतरवता येईल का? तारा बदलून?

---

खरजाची_तार

बायकांच्या पट्टीचा तानपुरा एवढा खाली उतरवला की तारा सैल पडतात, झंकार मिळत नाही. जाड तारा घातल्या तरी त्या भोपळ्याला तो खर्ज पेलत नाही. पुरुषांच्या पट्टीचा मोठा तानपुरा लागेल. पण इतक्यात घेऊ नका. त्याचा सा अजून ठरलेला नाही. आज पांढरी एक वाटेल, सहा महिन्यांनी काळी दोन. तोपर्यंत मोबाईलवरचा तानपुरा चालेल, तिथे पट्टी बदलायला एक बोट पुरतं. आईंच्या तानपुऱ्याची जवारी मात्र नीट करून घ्या, तार घाला. वाद्य बंद ठेवू नये.

---

चाकणवाला

काका, त्याने ते कझाक लोकगीत ऐकलं का? मुलाबद्दल विचारतोय मी.

---

ओंकारेश्वर_घाट

ऐकलं. काल रात्री, साडेदहाच्या सुमारास. मी ऐकत होतो, तो येऊन सतरंजीवर बसला. आजवर दारातूनच ऐकायचा.

संपल्यावर म्हणाला, "बाबा, हा काय म्हणतोय?"

म्हटलं, "मला नाही माहीत."

"मला पण नाही. परत लावा ना."

परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्याच्या घशातून काहीतरी गुणगुणणं ऐकू आलं, अगदी खाली, आणि मध्येच फाटलं. मी मान वर केली नाही. बायको स्वयंपाकघरातून येत होती, तिला हातानेच थांबवलं. ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली.

आज सकाळी तानपुऱ्याची गवसणी काढलेली दिसली. कोणी काढली ते मी विचारलं नाही. संध्याकाळी पंचमाची तार आणायला जातोय.